तुळाजी आंगरे आणि आपल्या सावित्रीचें तोंड

महाबळेश्वराच्या माथ्यावरून निघालेली सावित्री पोलादपुरावरून खालीं उतरते, महाडापाशीं गांधारीस पोटांत घेते, दासगांवापाशीं खाडी होते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून दर्याला मिळते. आमच्या शेतकऱ्याला ही नदी ठाऊक आहे ती पुरापुरती. २०२१ च्या जुलैंत तिनें महाडच्या बाजारपेठेंत काय केलें तें, ज्यांनीं घरांतला गाळ घमेल्यांनीं उपसला त्यांना विचारावें. परंतु नदीला जसा उगम असतो तसें तोंडही असतें, आणि तें तोंड कोणाच्या हातीं आहे यावर वरच्या गांवांच्या पोटाचा हिशेब ठरतो, ही गोष्ट आम्ही डोंगरवाले पार विसरून गेलों आहों.

"आम्ही नांगर धरणारे, आमचा दर्याशीं काय संबंध?" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, घाटांत मोटारी फिरूं लागण्यापूर्वीं आपल्या घरांतलें मीठ कोठून आलें? सुकी मासळी, नारळ, कौलें, मुंबईचें कापड कोठून आलें? हें सर्व बाणकोटच्या खाडीनें वर चढलें, आणि आपला भात, हिरडा व लांकूडफाटा त्याच खाडीनें खालीं उतरला. १९२७ च्या डिसेंबरांत सत्याग्रह परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडास आले तेही मुंबईहून 'पद्मावती' बोटीनें हरिहरेश्वरास उतरून दासगांवमार्गें आले. म्हणजे ज्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं झगडा झाला तेथवर येण्याची वाटदेखील ह्या खाडीवरूनच होती. आणखी एक गोष्ट. १६७९ सालीं मायनाक भंडाऱ्यानें खांदेरीचें बेट धरून मुंबईकर इंग्रजांस थोपविलें, तेव्हां त्याच्या धन्याची राजधानी आमच्याच तालुक्यांतल्या रायगडावर होती. डोंगरावर बसून दर्या सांभाळणारा राजा ह्या मुलखानें पाहिलेला आहे.

आज जी हकीकत सांगावयाची ती त्या राजाची नव्हे, व मायनाकाचीही नव्हे. ती तुळाजी आंगऱ्याची आहे. कान्होजीचें नांव शाळेंतल्या पोरालाही येतें. तुळाजीचें नांव काढलें तर कोणी त्याला चांचा म्हणतो, कोणी बंडखोर म्हणतो, आणि बहुतेकांना तें नांवच ठाऊक नसतें. परंतु सावित्रीचें तोंड परक्याच्या हातीं कसें गेलें हें समजून घ्यावयाचें असेल तर ह्याच माणसाची गोष्ट नीट ऐकली पाहिजे.

कान्होजीबद्दल थोडक्यांत सांगतों. पहिल्या पेशव्यानें, बाळाजी विश्वनाथानें, १७१३ च्या अखेरीस कान्होजीशीं बोलणें करून त्याला शाहू छत्रपतींच्या बाजूस आणिलें व सरखेली त्याच्याकडे कायम झाली. पुढें इंग्रजांनीं १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर, व १७२१ सालीं पोर्तुगीजांस सोबत घेऊन कुलाब्यावर चाल केली. १७२४ सालीं डचही विजयदुर्गावर आले. सगळे हात हालवीत परत गेले. ह्या किनाऱ्यावर ज्यास तारूं चालवावयाचें असेल त्यानें आंगऱ्याचें दस्तक घ्यावें, असा त्याचा कायदा होता. इंग्रज ह्याला चांचेगिरी म्हणत. पण इंग्रज स्वतः तेंच करीत, आणि पोर्तुगीज तर शेंदोनशें वर्षें तेंच करीत आले होते. महाडच्या पेठेंत शिरतांना जकात द्यावी लागली तर आपण जकातदाराला दरोडेखोर म्हणत नाहीं, कुरकुरत कां होईना पण देतों. मग आपल्या पाण्यावर आपल्या माणसानें जकात मागितली तर तो चांचा कसा? हा शब्द मुंबईच्या कोठींत तयार झाला आणि आमच्या शिकलेल्या लोकांनीं तो तसाच्या तसा घरीं आणिला. असो.

१७२९ सालीं कान्होजी वारला. थोरला सेखोजी होता तोंवर घर एक होतें. १७३३ च्या मोहिमेंत पेशवे व आंगरे मिळून जंजिऱ्याच्या सिद्दीवर उतरले आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें रायगड सिद्दीकडून परत आला. आमच्या मुलखाला हें विसरतां येणार नाहीं, कारण चाळीसांहून अधिक वर्षें ज्या गडावर परक्याचें निशाण होतें तो गड त्या दिवशीं सुटला. परंतु त्याच सालीं सेखोजी मरण पावला आणि भावाभावांत जुंपली. संभाजी एकीकडे, मानाजी दुसरीकडे. ज्यांच्या घरीं बांधाचे तंटे झाले आहेत त्यांना पुढचें सांगावयास नको. १७३५ सालीं बाजीराव पेशव्यानें मध्यें पडून वांटणी करून दिली. कुलाबा मानाजीला, त्यास वजारतमाब हा किताब. सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडचा भाग संभाजीला, त्यास सरखेली. दोघां भावांचा तंटा मिटला असें वरवर दिसलें. खरें पाहतां एका आरमाराचीं दोन झालीं, आणि दोन्हींना आपापल्या भांडणांत पुण्याचें तोंड पाहावें लागूं लागलें. दोन भाऊ भांडले कीं तिसऱ्या शहाण्याचा मान वाढतो, हें गांवच्या पाटलालाही कळतें.

संभाजीच्या मागें तुळाजी आला. १७४३ च्या सुमारास त्याला सरखेली मिळाली व पुढें बारा वर्षें त्यानें तो कारभार चालविला. त्याच्या करामतीचा पहिला मोठा दाखला म्हणजे अंजनवेल. दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला सिद्दीकडे होता. पुण्यासाताऱ्याच्या मोठमोठ्या फौजांनीं प्रयत्न करूनही तो हातीं आला नव्हता. १७४५ च्या जानेवारींत तुळाजीनें तो घेतला, आणि त्याचें नांव गोपाळगड झालें. पुढें गोवळकोटही घेतला. १७४९ सालीं इंग्रज कंपनीचें 'रेस्टोरेशन' नांवाचें लढाऊ जहाज त्यानें पाडाव करून आपल्या ताफ्यांत आणिलें. ह्या जहाजाचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, पुढें तें पुन्हां येणार आहे. १७५४ सालीं डचांचीं तीन जहाजें एकत्र चाललीं असतां त्यांवर पडून दोन जाळलीं व एक धरलें. डच म्हणजे त्या काळचे दर्याचे सावकार. त्यांना असा तडाखा देणारा ह्या किनाऱ्यावर दुसरा कोणी नव्हता.

हें सर्व कशाच्या बळावर? आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत सरखेल एकटाच लढतो. जणूं काय तोफ तोच डागतो, शीडही तोच ओढतो आणि गळती लागली तर कापूस व चुनाही तोच भरतो! गुराब हें दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें जड जहाज, त्याच्या नाळेवर मोठ्या तोफा. गलबत हलकें, शिडाबरोबर वल्ह्यांनींही चालणारें. वारा पडला कीं इंग्रजाचें थोरलें जहाज खांबासारखें उभें राही, आणि आमचीं गलबतें गुराबांना दोराबरोबर ओढीत त्याच्या पिछाडीस नेत. पिछाडीवर तोफा थोड्या, म्हणून मारा तेथें. हा डाव कोणा पंडिताच्या पोथींतला नव्हे. वारा कधीं पडतो व ओहोटी कोठें ओढते हें ज्याच्या हाडांत भिनलेलें असतें त्या तांडेलाचा हा डाव. वल्हीं मारणारे कोळी, भंडारी, खारवी, गाबीत. तारूं चालविणारे दालदी मुसलमान. साग तासणारे व फळी जोडणारे सुतार. खिळे व तोफगोळे घडणारे लोहार. शिडें शिवणारे, काथ्याचे दोर वळणारे. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग येथल्या गोद्यांत ह्या लोकांचीं घरेंच्या घरें पोसलीं जात. आणि गोदींत जो साग पडे तो डोंगरांतून उतरे. लांकूडतोड्याचा, गाडीवानाचा व ओंडके पाण्यांत सोडणाऱ्याचा त्यांत हात असे.

आतां तुळाजीच्या दोषांकडे वळूं. आम्ही त्याचे भाट नाहीं. माणूस शूर होता तितकाच ताठ होता. सावंतवाडीकरांशीं त्याचें वैर, बावड्याच्या अमात्यांशीं वैर, घरच्या मानाजीशीं वैर. शेजारी म्हणून कोणी उरलाच नाहीं. शाहू छत्रपति होते तोंवर त्यांच्या नांवाची तरी आडकाठी होती. १७४९ च्या डिसेंबरांत ते वारले व सगळा कारभार नानासाहेब पेशव्यांच्या हातीं गेला, तेव्हां तुळाजीनें पेशव्यांस मानावयाचें साफ नाकारिलें. त्यांची मागणी देईना, त्यांच्या मुलखांतल्या व्यापाऱ्यांचीं तारवें सोडीना. आम्ही छत्रपतींचे सरखेल, पेशवाही छत्रपतींचा नोकर, मग नोकरानें नोकराला कां वांकावें, असा त्याचा विचार दिसतो. कागदावर तो खोटा नाहीं. पण दर्यावरचा वारा बदललेला ज्याला सर्वांआधीं कळावयाचा, त्याला जमिनीवरचा वारा बदललेला कळला नाहीं.

तेव्हां पेशव्यांनीं त्याला वठणीवर आणावें, हें सरकार म्हणून त्यांस करणें प्राप्त होतें असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं. वाद आहे तो त्यांनीं कोणाचा हात धरला याबद्दल.

कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनीं मुंबईच्या इंग्रजांशीं बोलणें लाविलें व १७५५ च्या मार्चांत करार झाला. करारांतलीं कलमें शेतकऱ्यानें खतपत्र वाचावें तशीं वाचण्यासारखीं आहेत. दर्यावरची मोहीम इंग्रजांच्या हुकुमानें चालावी. किल्ले व त्यांतला ऐवज पेशव्यांस मिळावा. आणि इंग्रजांस त्याबद्दल काय? तर बाणकोट, त्यावरचा हिम्मतगड, आणि नदीचें बंदर, आजूबाजूच्या गांवांसह, कायमचें. वाचकहो, ही नदी कोणती? ही आपली सावित्री. म्हणजे तुळाजीवर पहिली तोफ डागण्याच्या आधीं, पुण्यामुंबईच्या कागदावर, आपल्या नदीचें तोंड विकलें गेलेलें होतें. त्या दिवशीं महाडच्या पेठेंतल्या वाण्याला कोणी विचारलें? दासगांवच्या कोळ्याला? वरून भात घेऊन उतरणाऱ्या पोलादपुरच्या कुणब्याला? सावकाराशीं भांडणाऱ्या भावानें दुसऱ्या सावकाराकडे समाईक विहीर गहाण टाकावी, तसा हा प्रकार झाला.

एप्रिलाच्या आरंभीं कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग तोफांनीं फोडला. दोन-तीन दिवसांत किल्ला पडला. त्यापुढें चारपांच दिवसांत, ८ एप्रिल १७५५ रोजीं, बाणकोट लढाईवांचून इंग्रजांच्या स्वाधीन झालें. हिम्मतगडाला त्यांनीं 'फोर्ट व्हिक्टोरिया' असें नांव दिलें. मुंबईचें बेट लहान, त्याला दाणागोटा व गुरेंढोरें बाहेरून आणावीं लागत. त्या कामीं हें बंदर त्यांना फार सोईचें वाटलें. तुळाजीचें नाक त्यांना कापावयाचें होतें हें खरें, परंतु आपलें पोट कोठून भरेल हेंही ते विसरले नव्हते. हिशेबी माणसाचें असेंच असतें.

पावसाळा गेला. पेशव्यांच्या फौजेनें जमिनीवरून एकेक ठाणें घेतलें, अंजनवेल व गोवळकोटही गेले. शेवटीं तुळाजीच्या हातीं विजयदुर्ग राहिला. त्या सुमारास इंग्रजांच्या राजाचें आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हुकुमाखालीं मुंबईस आलेलें होतें, आणि क्लाइव्हही विलायतेहून परत येऊन तेथें होता. चार थोरलीं लढाऊ जहाजें, कंपनीचीं बाकीचीं, आणि क्लाइव्हच्या हाताखालीं पायदळ, असा तांडा फेब्रुवारींत निघाला. निघण्यापूर्वीं मुंबईंत बसून साहेबांनीं लुटीची वांटणी लिहून ठेविली: ॲडमिरलास किती, क्लाइव्हास किती, कप्तानांस किती. हिश्शावरून त्यांच्यांतच कुरबूर झाली. पेशव्यांचें नांव त्या यादींत नव्हतें.

तांडा विजयदुर्गासमोर आला तेव्हां तुळाजी किल्ल्यांत नव्हता. तो मराठी छावणींत तहाचें बोलणें करावयास गेला होता. ह्या ठिकाणीं जरा थांबलें पाहिजे. ज्या माणसाला वांकत नाहीं म्हणून परक्यास बोलाविलें, तो माणूस शेवटीं आपल्याच लोकांपुढें येऊन बसला होता. तेथल्या तेथें तह झाला असता तर किल्ला, आरमार व माणसें घरांतच राहिलीं असतीं. इंग्रजांना हें कळलें, म्हणूनच त्यांनीं घाई केली. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं वॉटसननें मारा सुरू केला. किल्ल्याच्या आडोशाला तुळाजीचें सगळें आरमार खेटून उभें होतें. एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन' ह्या जहाजावर पडला, जें तुळाजीनें सात वर्षांपूर्वीं इंग्रजांकडून जिंकून आणिलें होतें. तें पेटलें, त्यावरून शेजारचें पेटलें, आणि पाहतां पाहतां वीस वीस तोफांच्या तीन थोरल्या गुराबा, लहान गुराबा, गलबतें, अशीं पन्नासांवर तारवें जळून गेलीं. बांधणीवर दोन नवीं जहाजें होतीं, त्यांतलें एक चाळीस तोफांचें व्हावयाचें होतें. तींही राहिलीं नाहींत. कान्होजीपासून दोन पिढ्यांनीं जें बांधलें त्याचे एका दुपारीं कोळसे झाले.

रात्रीं क्लाइव्ह पायदळ घेऊन उतरला, आणि उतरून उभा राहिला तो किल्ला व मराठी फौज यांच्या मधोमध. कां? आपल्याच दोस्तांनीं आधीं आंत शिरूं नये म्हणून! दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. अडीचशें तोफा व सुमारें दहा लक्ष रुपयांचा ऐवज सांपडला. करारांत काय लिहिलें होतें तें वर सांगितलेंच आहे. त्यांतला एक रुपयाही पेशव्यांस मिळाला नाहीं. तुळाजीचीं बायकामुलें किल्ल्यांत होतीं तीं धरलीं गेलीं. तुळाजीला पेशव्यांनीं कैदेंत ठेविलें. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर त्याला हालविलें गेलें, पण मोकळा दर्या त्याला पुन्हां दिसला नाहीं. कैदेंतच तो मेला. त्याचे दोन मुलगे पुढें कैदेंतून निसटले ते मुंबईस, इंग्रजांच्या आश्रयास गेले. आपल्या घरीं थारा नाहीं म्हणून ज्यानें घर जाळलें त्याच्या दारीं जावें लागलें.

इंग्रजांनीं विजयदुर्गही लगेच सोडला नाहीं. आठ महिने तगादा चालला. १७५६ च्या ऑक्टोबरांत पुण्यास नवा तह झाला तेव्हां विजयदुर्ग पेशव्यांस परत मिळाला. बदल्यांत बाणकोट व दहा गांवें इंग्रजांकडे कायम झालीं, आणि डचांना मराठी मुलखांत व्यापार करूं देऊं नये असेंही कबूल करून घेतलें. म्हणजे शत्रूकडून शत्रू हांकलला, आणि तोही फुकट. खाडींत आंत असलेलें आमचें दासगांवही त्याच सुमारास इंग्रजांकडे गेलें. बाकीचा महाड तालुका १८१८ त इंग्रजी अंमलाखालीं आला. दासगांवानें तो अंमल साठ वर्षें आधींच पाहिला. १७७१ च्या सुमारास जेम्स फोर्ब्स नांवाचा कंपनीचा नोकर जवळच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं येऊन दासगांवास राहिला व त्यानें आपल्या पुस्तकांत ह्या खाडीचें मोठें रसाळ वर्णन केलें. पाहुणा म्हणून आलेला माणूस किती आरामांत बसला होता हें त्यावरून दिसतें.

आणि वॉटसन-क्लाइव्ह कोठें गेले? ते बंगाल्यांत गेले. विजयदुर्गानंतर सोळा महिन्यांनीं, २३ जून १७५७ रोजीं, प्लासीची लढाई झाली. तेंच आरमार, तेच दोघे सरदार. एवढ्यावरून प्लासीचा दोष पुण्यावर लादणें हें आम्हांस पसंत नाहीं. परंतु पश्चिम किनाऱ्यावर त्यांना अडविणारा कोणी उरला नाहीं, ह्या निश्चिंतीनें ते पूर्वेकडे वळले, एवढें तर खरें.

आतां एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची. आमच्या चळवळींतले कांहीं वक्ते ही हकीकत अशी सांगतात कीं, ब्राह्मण पेशव्यानें मराठा सरखेल बुडविला, झालें. टाळ्या पडतात. पण कुलाब्याचा मानाजी हा तर कान्होजीचाच पुत्र, आणि तो पेशव्यांच्या बाजूस होता! सावंत मराठेच, त्यांना तुळाजीनें कमी छळलें नाहीं. जातीचें एकच माप लावून ही गोष्ट मोजतां येत नाहीं, आणि जे मोजतात ते आपल्याच लोकांना अर्धवट शहाणे करतात. उलट पक्षीं, पुण्याच्या विद्वानांनीं पुष्कळ वर्षें जी बाजू लाविली, कीं तुळाजी बंडखोर होता, राज्य सांभाळण्यासाठीं पेशव्यांस तें करणें भाग पडलें, तीही आम्हांस कबूल नाहीं. कारण बंडखोराला धरणें वेगळें आणि राज्याचें आरमार परक्याच्या गोळ्यांपुढें ठेवणें वेगळें. घरांतला पोर उद्धट निघाला म्हणून गोठ्याला आग लावणाऱ्या कुणब्याला आपण शहाणा म्हणतों काय?

आमच्या मतें खरा दोष असा आहे. दर्यावर ज्यांचें पोट होतें त्यांतल्या एकालाही त्या निर्णयांत जागा नव्हती. तांडेल, सारंग, गोदींतला मिस्त्री, खाडींतला कोळी, ह्यांपैकीं कोणी पुण्याच्या दरबारांत बसत नसे, आणि खरें बोलावयाचें तर तुळाजीच्या दरबारांतही त्यांचें कितपत ऐकलें जात असेल याची शंकाच आहे. ज्यांना वल्हें कसें धरतात हें ठाऊक नव्हतें त्यांनीं आरमार जाळावयाचें ठरविलें, आणि ज्यांनीं वल्हीं धरलीं त्यांचीं घरें बसलीं. पेशव्यांनीं पुढें विजयदुर्गास स्वतःचें आरमार उभारलें, हें नाकारूं नये. त्यांतल्या आनंदराव धुळपानें १७८३ सालीं इंग्रजांचें 'रेंजर' जहाज मोठ्या हातघाईनें पाडाव केलें. कसब मेलें नव्हतें. पण कान्होजीच्या वेळचा तो दरारा, कीं मुंबईचें जहाज बंदराबाहेर काढतांना दहा वेळ विचार करावा, तो पुन्हां आला नाहीं. १८१८ च्या १० मे रोजीं रायगड इंग्रजांनीं घेतला, आणि १८४० सालीं कुलाब्याचें आंगऱ्यांचें संस्थानही खालसा झालें. मानाजीच्या वंशाला पुण्याची दोस्ती तेवढीच पुरली.

स्वराज्य आल्यावर १९५१ सालीं मुंबईच्या आरमारी तळास आंगऱ्यांचें नांव दिलें गेलें, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत भारतीय आरमाराच्या निशाणावरचा इंग्रजी क्रूस जाऊन त्या जागीं शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति आली. आम्हांस त्याचा आनंद आहे. मात्र नांवें दिलीं जातात तीं जिंकलेल्यांचीं. हरलेल्याची हकीकत अधिक शिकविते, ती कोणी कोरून ठेवीत नाहीं. बाणकोटचा किल्ला आजही खाडीच्या तोंडावर उभा आहे. आमच्या मुलांना सहलीला रायगडावर नेतात तें योग्यच आहे. पण मास्तरांनीं एखादे वर्षीं त्यांना दासगांवाहून खाडीच्या कांठाकांठानें खालीं न्यावें, बाणकोटच्या तटावर उभें करावें आणि मागें वळून सह्याद्रीकडे बोट दाखवावें, म्हणजे नदी कोठून येते व तिचा धनी कोठें बसतो हें त्यांना न सांगतां समजेल. ह्यास खर्च फार नाहीं. शाळेच्या समितींत बसणाऱ्या आमच्या बंधूंनीं हा विषय पुढील सभेंत काढावा.

आणखी एक विनंती सुतार, लोहार, कोळी, भंडारी व दालदी घरांस आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या माळ्यावर जुने मोडी कागद पडलेले आहेत: गलबताचे हिशेब, दस्तकें, गोदींतल्या मजुरीच्या याद्या, सागाच्या चिठ्ठ्या. घर शाकारतांना ते चुलींत घालूं नका, भंगारवाल्याला वजनानें देऊं नका. मोडी वाचणारे लोक अजून आहेत. ज्यांच्या आज्याला खाडींतलीं जुनीं बंदरें, गलबतांचीं नांवें किंवा तांडेलांचीं घराणीं आठवत असतील त्यांनीं घरांतल्या शिकत्या पोराकडून तीं लिहून घ्यावीं. सरखेलांच्या वंशावळी छापून झाल्या आहेत. वल्हीं मारणाऱ्यांच्या अजून कोणी मागितलेल्या नाहींत, त्या आम्ही मागत आहों.